सगळं वाचलं असं समजावं

६ जुलै, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून मी फोनच्या तालावर नाचणार नाही. निर्णय पक्का.

होतं काय, एखादी बातमी बघायला म्हणून फोन उघडतो आणि पाऊण तासाने कुणीतरी कलिंगडातून कासव कोरतंय ते बघत बसलेलो असतो. काल मी ते शेवटपर्यंत बघितलं. कासव छान झालं होतं. पण बँकेतल्या बावन्न वर्षांच्या चीफ मॅनेजरला हे शोभत नाही.

उपाय सापडला आहे. फीड रीडर. आपल्या आवडत्या वेबसाइट्सचे पत्ते या अ‍ॅपमध्ये एकदाच घालून ठेवायचे. तिथे नवीन काही आलं की ते आपोआप आपल्याकडे येऊन पडतं, पेपरवाला दारात पेपर टाकतो तसं. आपण निवडलेलं तेवढंच. कासव नाही.

२३ साइट्स घातल्या. रोज सकाळी चहाबरोबर चाळीस मिनिटं वाचन. उरलेला वेळ कुटुंबाला.

मधुवंतीला सगळं समजावून सांगितलं. बायको म्हणून तिला आधी कळायला हवं. तिने विचारलं, ते आपोआप वाचूनही होतं का? टेक्नॉलॉजीकडून लोकांच्या फार अपेक्षा असतात.

आभा म्हणाली, बाबा, पाहिजे तेव्हा साइट उघडून बघितली तर काय होतं? मुलगी बारावीत आहे, पण सिस्टिम म्हणजे काय ते अजून कळायचंय तिला.

७ जुलै, सोमवार
चौदा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडले. 'कोलकाता मराठी ऑफिसर्स' पण. तिथे दिवसभर गुड मॉर्निंग, नाहीतर थालिपीठाची भाजणी कोण आणतंय याची चौकशी. आमच्याच बँकेतल्या ऋषभची बायको केतकी, तिने लगेच मधुवंतीला फोन करून विचारलं की मी रागावलोय का. रागावलो नाही. व्यवस्थित झालोय.

त्या ग्रुपवर कामाचं एकच होतं: बदल्यांची बातमी. त्यासाठी आमच्या ऑफिसर्स असोसिएशनच्या साइटचं फीड घातलं. स्वतंत्र फोल्डर, नाव 'महत्त्वाचे'. कोलकात्यात यंदा चार वर्षं झाली, म्हणजे विनंती बदलीचा अर्ज करता येईल. नाशिक मागणार. मधुवंतीचं माहेर. चार वर्षांपूर्वी बेहालाच्या या फ्लॅटमध्ये सामान उतरलं तेव्हा ती पुस्तकांच्या खोक्यावर बसून रडली होती. मी म्हणालो होतो, फक्त चार वर्षं, मग नाशिक. दिलेला शब्द मी विसरत नाही.

हल्ली ती नाशिकचं नावही काढत नाही. आतल्या आत सोसते बिचारी.

१२ जुलै, शनिवार
साइट्स ६१. न वाचलेले ११८. माणशी दोनपेक्षा कमी पडतात. (साइटशी. माणशी नव्हे.)

ऑफिसात जेवताना शेजारच्या केबिनमधले घोषालबाबू म्हणाले, तुम्ही मराठे येणार या भीतीने आमच्या लोकांनी बागबाजारपासून खंदक खणला होता, आणि आता तुम्ही आमचीच कर्जं मंजूर करता. सगळे हसले. मी हसलो नाही. याला अभ्यास करून उत्तर द्यायचं. बंगालमधल्या मराठ्यांवरच्या नऊ साइट्स घातल्या.

२० जुलै, रविवार
मधुवंती मंगळवार-गुरुवार दुपारी बागबाजारला जाते. दीडेक वर्ष झालं असेल. कसलासा क्लास आहे. बेहालाहून बागबाजार म्हणजे शहराचं दुसरं टोक. एवढ्या लांब जाऊन शिकण्यासारखं काय असणार? पण मी अडवत नाही. नवऱ्याने मोकळीक द्यावी.

आज म्हणाली, चल माझ्याबरोबर, सगळ्यांशी ओळख करून देते. पण नेमकं आजच 'बागबाजारचा खंदक' या लेखमालेचे भाग एक ते सहा एकदम येऊन पडले. तिथे जाऊन काय दिसणार? खंदक केव्हाच बुजवलाय. लेखात नकाशासकट आहे. तसं तिला सांगितलं. ती आणि आभा गेल्या.

भाग दोनपर्यंत पोचलो. उत्तम.

२७ जुलै, रविवार
न वाचलेले ६१२. दोष माझा नाही. जग फार लिहितं.

नवीन वेळापत्रक: सकाळी चाळीस मिनिटं, मेट्रोत वीस, जेवणाच्या सुट्टीत तीस, संध्याकाळी गरजेपुरतं.

कमी वाचावं, निवडक वाचावं, यावरच्या पाच साइट्स मिळाल्या. घातल्या. त्यातला एक गृहस्थ कमी वाचण्याबद्दल दिवसातून चार वेळा लिहितो. माणूस तळमळीचा आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार
घरी येताना मेट्रोत वाचत होतो. बेहाला चौरस्ता कधी गेलं कळलं नाही, थेट जोका. शेवटचं स्टेशन. परतीच्या गाडीत बसलो, लेख संपवला, आणि मान वर केली तर माझेरहाट. दुसऱ्या टोकाचं शेवटचं स्टेशन. तिथून पुन्हा निघालो.

मधुवंतीला सांगितलं, मीटिंग लांबली. जोकाचं स्टेशन स्वच्छ आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी चहा घेताना मधुवंती बरंच काही सांगत होती. नाटक, बर्गी (म्हणजे आपले मराठा घोडेस्वार, इथे आपल्याला तेच म्हणतात), नोव्हेंबर, असे शब्द कानावर पडले. तिलाही माझ्यामुळे इतिहासाची गोडी लागलेली दिसते. मी म्हणालो, इंटरेस्टिंग आहे, लिंक पाठव.

ती मग कप विसळायला गेली.

दिवसभरात लिंक आली नाही. लोक अर्धवट माहिती देतात.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. सुट्टी
आज आकडा शून्यावर आणायचाच. सकाळी सहाला बसलो. सुरुवातीला १,९४०. संध्याकाळी सातला १,९८५.

वरवर बघणाऱ्याला ही पीछेहाट वाटेल. पण मी १३७ वाचले. त्याच वेळात १८२ नवीन आले. म्हणजे माझा वेग जगाच्या पाऊणपट आहे. एकटा माणूस विरुद्ध जग, त्या मानाने हे काहीच्या काही चांगलं आहे.

आभाने विचारलं, झेंडावंदनाला माझं भाषण होतं ते लक्षात होतं ना? मी म्हणालो, अर्थात, कसं झालं? ती म्हणाली, मस्त झालं बाबा, सगळे वडील आले होते.

शिवाय 'महत्त्वाचे' या फोल्डरमध्ये आता ७४ साइट्स झाल्यात, त्यामुळे त्याचं महत्त्व राहिलं नाही. 'अतिमहत्त्वाचे' हा नवा फोल्डर काढला. कुणाला वर न्यायचं ते सवडीने ठरवेन.

२० ऑगस्ट, बुधवार
संध्याकाळी केतकी आली होती. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. केतकी गेल्यावर मी विचारलं, काय म्हणत होती? मधुवंती म्हणाली, काही नाही, ऋषभला पुणं हवंय.

पुणं कुणाला नकोय! मी पुन्हा वाचायला लागलो. मधुवंती दारात उभी राहिली होती, काही विचारायचं असल्यासारखी. मी हाताने 'दोन मिनिटं' अशी खूण केली. वर बघितलं तेव्हा ती नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९
मोठा दिवस. कमी वाचण्यावाल्या गृहस्थाने लिहिलंय की साचलेलं वाचत बसू नका, ते ओझं आहे, टाका. अ‍ॅपमध्ये त्यासाठी बटणच आहे: 'सगळं वाचलं असं समजावं'.

'महत्त्वाचे' फोल्डर निवडला आणि बटण दाबलं. २,३१० होते. शून्य झाले. आंघोळ केल्यासारखं वाटलं.

सगळ्यांसाठी चहा केला. मधुवंतीने विचारलं, आज काय विशेष? मी म्हणालो, सगळं वाचून झालं.

२ सप्टेंबर, मंगळवार
साइट्स २१४. बटण आता दर चार दिवसांनी दाबतो. वाचन अगदी वेळेवर होतंय.

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३
लिफ्टमध्ये ऋषभ भेटला. म्हणाला, सर, मी पुणं टाकलंय, तुम्ही नाशिक टाकलंत ना?

मी म्हणालो, कशात?

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मीही हसलो. मग केबिनमध्ये येऊन दार लावून घेतलं.

विनंती बदलीचे अर्ज ११ ऑगस्ट ते ३१ ऑगस्ट. असोसिएशनने पहिली सूचना टाकली ११ तारखेला, आठवण १८ला, शेवटची आठवण २९ला. तिन्ही माझ्या रीडरमध्ये आहेत. वेळच्या वेळी आल्या होत्या. तिन्हींवर 'वाचले' अशी खूण आहे.

सिस्टिमने काम चोख केलं. मध्ये कुणीतरी कमी पडलं. कोण, ते तपासतोय.

पुढची संधी पुढच्या ऑगस्टमध्ये.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
एचआरला जाऊन आलो. उशिरा अर्ज घेता येतो का? नाही. विशेष बाब म्हणून? तिथल्या बाईंनी विचारलं, विशेष काय आहे? आजारपण? मी म्हणालो, नाही. मग सर्क्युलर वाचलं नव्हतं का? ते तर ई-मेलनेही पाठवलं होतं.

ई-मेलवरची सर्क्युलर्स मी जुलैतच रीडरकडे वळवली होती. हे बाईंना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो की मी खूप वाचतो. त्या म्हणाल्या, दिसतंय.

१३ सप्टेंबर, शनिवार
मधुवंतीला योग्य वेळ बघून सांगायचं. आज योग्य वेळ नाही. ती सकाळपासून काहीतरी गुणगुणतेय. एवढ्या चांगल्या मूडमध्ये असलेल्या बाईला हे कसं सांगणार?

चार वर्षं तिने वाट बघितली आणि मी एक बटण दाबलं. छातीत दगड ठेवल्यासारखं झालंय.

भांडी घासली. कपडे वाळत घातले. ती म्हणाली, बरं वाटत नाहीये का?

जेवताना मी आपणहून म्हणालो, नाशिकचं ऑक्टोबरमध्ये कळेल. ती म्हणाली, बरं. एकच शब्द. काय संयम आहे!

१६ सप्टेंबर, मंगळवार
मधुवंती म्हणाली, बागबाजारचं हल्ली संध्याकाळपर्यंत चालतं, तर मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक करशील का? मी ताबडतोब हो म्हणालो.

बटाट्याची भाजी. आभा म्हणाली, बाबा, एकदम खारट आहे, पण खाऊ शकतो माणूस.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मधुवंती म्हणाली, शनिवारीही करशील? हो म्हणालो. इस्त्रीचं विचारलं. हो म्हणालो. वर्षभर खिळखिळी झालेली मोरीतली तोटी बदलशील का? बदलली.

आज सकाळपासून रीडर उघडला नाही. वेळच नाही. आकडा आता दिसत नाही, नुसतं 'पाच हजारांच्या वर' असं येतं. किती वर, ते अ‍ॅपही सांगत नाही. बहुतेक मला वाईट वाटेल म्हणून.

२९ सप्टेंबर, सोमवार. दुर्गापूजा, सप्तमी
बेहालात पाय ठेवायला जागा नाही. आमच्या बिल्डिंगच्या मांडवात मधुवंती पंधरा बायकांच्या घोळक्यात उभी राहून बांगलात एक गोष्ट सांगत होती. सगळ्या हसत होत्या. मला त्यातलं 'आमार बर' एवढं कळलं, म्हणजे माझा नवरा. त्यावर तर फारच हसल्या.

इतकं बांगला ही शिकली कधी? सोर्स विचारायला हवा.

आणि अशी हसताना बघितली की छातीतला दगड आणखी जड होतो. केवढं हे नाटक करावं लागत असेल तिला! मनाने ती गोदावरीकाठी असणार.

दसऱ्याला सांगून टाकायचं. ठरलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
सांगितलं.

मधुवंती शेजाऱ्यांकडे द्यायला नारळाचे लाडू डब्यात भरत होती. मी समोर बसलो आणि एका दमात सगळं बोललो. फोल्डर, बटण, तीन सूचना, एचआर. माझा शब्द मी मोडला, म्हणालो. तिने हातातलं काम थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, माहितीय.

म्हणजे?

केतकीनं सांगितलं होतं ना, वीस ऑगस्टला. फॉर्म निघालेत, ऋषभनं भरला, तुमचं काय, म्हणून विचारायला आली होती. आणि तू आपणहून भांडी घासलीस तेव्हा कळलं, तू भरलेला नाहीस.

मी म्हणालो, मग मला आठवण का नाही केलीस?

ती म्हणाली, कारण मला जायचं नाहीये.

मला नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. बागबाजारला क्लास नाही, नाटकाचा ग्रुप आहे. बर्गींच्या काळावर बांगला नाटक बसवतायत. मराठी बोलणारी बाई हवी होती म्हणून हिला विचारलं. नवऱ्याला शोधत थेट बंगालपर्यंत आलेल्या एका मराठा शिपायाच्या बायकोचं काम आहे. पहिला प्रयोग चौदा नोव्हेंबरला. आधी नाशिकला शिक्षण, नंतर माझ्या बदल्या, तिचं स्वतःचं असं काही पहिल्यांदाच घडतंय. नाशिकला जाऊन ती काय करणार?

मी म्हणालो, हे मला आधी सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तू मान हलवलीस, दुसऱ्यांदा खंदक बुजवलाय म्हणालास आणि तिसऱ्यांदा लिंक मागितलीस. केतकी आली त्या दिवशी चौथ्यांदा विचारणार होते, की अर्ज नाही भरला तर चालेल का. तू हात केलास.

मग सुचलं. विचारलं, मग मी अर्ज भरला नाही हे कळल्यावर तरी सांगायचंस. वीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत.

ती लाडवांच्या डब्याला झाकण लावत म्हणाली, सांगणार होते. पण तुझी बटाट्याची भाजी सुधारत होती.

थोडा राग आला. मग एक लाडू खाल्ला. वीस दिवस ज्या ओझ्याखाली मी वाकलो होतो, ते कुणाचंच नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार
धडा घेतला. २१४ साइट्स काढून टाकल्या. (आधी यादीचा बॅकअप घेतला.)

रीडर रिकामा. शांत वाटलं. फक्त मधुवंतीला पाठिंबा म्हणून बांगला रंगभूमीवरच्या सतरा साइट्स घातल्या. मला बांगला वाचता येत नाही, त्यामुळे त्यात गुंतून पडण्याचा धोका नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
मधुवंती म्हणाली, शेवटच्या आठवड्याच्या तालमी आहेत, एखाद्या दिवशी येऊन बस. मी म्हणालो, नको, थेट प्रयोगच बघेन. प्रेक्षकाचं मन कोरं असावं. असं एका साइटवर होतं. बहुतेक. भाषांतर करून वाचलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी
काल प्रयोग झाला. उत्तरेकडचं जुनं थिएटर, खच्चून भरलेलं. मी आणि आभा चौथ्या रांगेत.

पाऊण तास मला काही कळलं नाही. सगळं बांगला. मग पोवळ्यांची माळ घातलेली, नऊवारीतली, धुळीने माखलेली एक बाई रंगमंचावर आली आणि छावणीतल्या एकेकाला नवऱ्याबद्दल विचारू लागली. मी मनात म्हणालो, काय ताकदीची नटी आहे! ही मधुवंती आहे हे कळायला मला एक मिनिट लागलं. कदाचित दीड.

नवरा कुणालाच माहीत नसतो. शेवटी ती रिकाम्या रंगमंचाच्या मधोमध उभी राहून मराठीत हाक मारते: अहो, कुठं आहात? अहो, मी आलेय. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हाक मारायला तोंड उघडते आणि मारत नाही. तशीच मागे वळून निघून जाते.

थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. पाचशे बंगाली माणसं आणि त्या हाकेतला शब्द न् शब्द कळणारे आम्ही दोघंच. आभा रडत होती. मी तिला रुमाल द्यायला म्हणून खिशात हात घातला तर तो मलाच लागला.

प्रयोग संपल्यावर आत गेलो. दिग्दर्शिका सरलादी, सत्तरीच्या, काठी घेऊन चालतात. मधुवंतीने ओळख करून दिली. हा माझा नवरा. सरलादींनी माझे दोन्ही हात धरले आणि मोठ्याने हिंदीत म्हणाल्या, अरे, आले का शेवटी! मग वळून सगळ्यांना हाका मारल्या. मधुवंतीचा नवरा आलाय, नाशिकहून आलाय!

दहा-बारा जण गोळा झाले. कुणी खुर्ची दिली, कुणी चहा. सगळ्यांची पक्की समजूत की मी नाशिकला नोकरीला असतो आणि बायको-मुलगी इथे एकट्या राहतात. मी मधुवंतीकडे पाहिलं. ती मराठीत हळूच म्हणाली, मी कधीच असं सांगितलेलं नाही. दीड वर्षात तुला कुणी बघितलं नाही, तर त्यांनी आपापसात ठरवून टाकलं. मग मीही कशाला खोडायचं.

मला पुष्कळ बोलायचं होतं. मी बेहालात राहतो. दीड तासावर. इतिहास वाचलाय. खंदकावर सहा भाग, पैकी दोन. पण सरलादी माझ्याकडे इतक्या आनंदाने बघत होत्या की मी म्हणालो, हो, आज सकाळीच पोचलो.

त्यांनी विचारलं, प्रवास कसा झाला?

मी म्हणालो, लांबचा झाला.

मग त्यांनी विचारलं, आता किती दिवस आहात? मी पुन्हा मधुवंतीकडे पाहिलं. ती आरशासमोर बसून कापसाने चेहऱ्यावरची धूळ पुसत होती. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाली, बघू.